पोरं हसतात, मग बोलावणारा नाराज का?

प्रश्न असा आला आहे: "मी पुसद तालुक्यातला. दोन वर्षांपासून वाढदिवस, शाळा आणि मंडळांत लहान मुलांसाठी जादूचे प्रयोग आणि बोलक्या बाहुलीचा कार्यक्रम करतो. मुलं पोट धरून हसतात, पण कार्यक्रम ठरवणारे समाधानी दिसत नाहीत. मागच्या महिन्यात चार हजारांवर ठरलेल्या वाढदिवसाला यजमानांनी अडीच हजारच हातावर ठेवले आणि 'एवढाच होता काय?' म्हणाले. दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही. माझ्या खेळात काय कमी पडतं?"

भाऊ, तुमच्या खेळात फार काही कमी पडत असेल असं मला वाटत नाही. पोरं हसतात म्हणजे हात साफ आहे आणि तोंड चालतं. मी आर्वीकडचा. या कामाला बावीस वर्षं झाली. वर्धा, अमरावती, यवतमाळ ही माझी नेहमीची वाट, आणि दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडच्या मंडईला, म्हणजे तिथल्या गावजत्रेलाही जातो. पहिली पाच-सहा वर्षं मीही हेच धरून चाललो होतो की पोरं खूश तर मालक खूश. तसं होत नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या मनात त्या दिवशी एखादी गोष्ट अडकलेली असते आणि आपण विचारल्याशिवाय तो ती सांगत नाही. ती आधी काढून घ्यायला शिका. पेटीत नवा खेळ नंतर भरा.

मला हे कसं कळलं ते सांगतो. दारव्ह्याकडचं एक गाव. एका शेतकरी आजोबांनी नातवाच्या पाचव्या वाढदिवसाची सुपारी दिली होती. कापूस विकून झालेला, अंगणात मंडप, बिछायत, दोन हॅलोजन. सात वाजता सुरू करा म्हणाले होते. सव्वासात झाले, पोरं बिछायतीवर लोळायला लागली, एकमेकांच्या टोप्या ओढायला लागली, म्हणून मी सुरुवात केली. पाऊण तास असा रंगला की भिंतीवर चढून बसलेली मोठी माणसंही खाली उतरून पुढे आली. आठला संपवलं. आठ वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी एक क्रूझर येऊन थांबली. सुनेच्या माहेरची मंडळी. मूर्तिजापूरहून निघाली होती, वाटेत गाडी पंक्चर झाली. आजोबा टॉवेल-टोपी हातात घेऊन फाटकात उभे होते. व्याह्यांना ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "कार्यक्रम झाला ना आत्ताच." पेटी बांधता बांधता मी ते ऐकलं. पैसे त्यांनी पूर्ण दिले, दोनदा मोजून. मग म्हणाले, "पोट्टे तं लय हासले भाऊ. पण ज्यायच्यासाठी बलावलं थेच पाहाले नोहते."

आजोबांच्या पुतण्याकडून नंतर कळलं. लग्नात व्याही कुणाजवळ तरी बोलून गेले होते की यांच्या गावात पोराबाळांसाठी असतंच काय. आजोबांनी ते वाक्य सहा-सात वर्षं मनात जपलं होतं. माझ्या त्या पाऊण तासात त्यांना त्याचं उत्तर द्यायचं होतं, आणि मी ते पाहुणे यायच्या आतच उरकून मोकळा झालो. पेटी पुन्हा उघडून दहा मिनिटांचा खेळ त्या पाहुण्यांपुढे करता आला असता. मला तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाच्या घाईत निघून आलो, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून सुपारीचा फोन आला की "किती मुलं?" हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "कोणाची वाट पाहायची आहे?" कुणी म्हणतं मामा येणार आहे नागपूरहून, कुणी म्हणतं सरपंच, कुणी म्हणतं कुणाची नाही. नाव कळलं की त्या माणसाला पुढची खुर्ची, आणि तो येईपर्यंत मुलांना गुंतवून ठेवायला पेटीबाहेरचे खेळ: टाळ्यांचे, नावांचे, दोरीच्या गाठीचे. खरा कार्यक्रम तो माणूस बसल्यावर.

दुसरा प्रश्न, "हे करायचं कोणाच्या मनात आलं?" एकत्र घरात फोन करणारा काका असतो, कारण माझा नंबर त्याच्याकडे असतो. पैसे देणारा दादा असतो. आणि मनापासून हवं असतं ते वहिनीला. म्हणून काकाला म्हणावं, "वहिनींशी दोन मिनिटं बोलता येईल का?" सगळ्यात कामाची माहिती तिथून मिळते. पोरगा मुखवट्याला भितो. मोठा आवाज झाला की कान धरतो. अनोळखी माणसानं उचललं की रडतो. धाकटीला पुढे बोलावलं नाही तर ती रुसून बसेल. यातलं काहीच काकाला ठाऊक नसतं आणि दादाला आठवत नाही. पहिल्याच वाढदिवसाचं असेल तर वहिनीला आधीच स्पष्ट सांगा की बाळ बहुतेक झोपेल किंवा रडेल, त्याच्याबरोबर एक मिनिटाचा फोटोपुरता खेळ करू आणि बाकी कार्यक्रम चुलत-मावस भावंडांसाठी राहील. हे आधी बोललेलं असलं की बाळ रडल्यावर कुणाचं तोंड उतरत नाही.

वेळेचं म्हणाल तर वेळ मालकाला विचारू नका, आचाऱ्याला विचारा. मालक सात म्हणतो, पत्रिकेत सात छापलेलं असतं, पण पंगत कधी बसणार हे फक्त आचाऱ्याला माहीत असतं. गावात पोचलो की मी आधी चुलाण्याकडे जातो, चहा घेतो आणि पाहतो. आलू-वांग्याची भाजी उतरली, बुंदी पाडून झाली, भात मात्र टाकायचा आहे, म्हणजे पाऊण तास हातात आहे. आचाऱ्याला सांगून ठेवतो, "दादा, पानं मांडायला दहा मिनिटं राहिली की मला हात दाखवा." पंगतीचं बोलावणं झालं की पोरं एका क्षणात उठतात, आणि आपला शेवटचा सगळ्यात मोठा खेळ रिकाम्या बिछायतीपुढे करावा लागतो. उलट आपल्यामुळे पंगत लांबली तर दुसऱ्या गावी परतायची असलेली म्हातारी माणसं मालकाकडे पाहायला लागतात. मालक त्या दोन्हींच्या मधे उभा असतो आणि त्याला आपल्याला थांबवताही येत नाही. म्हणून माझा कार्यक्रम पाव-पाव तासाच्या तुकड्यांचा आहे. पंचवीस मिनिटांवर, चाळीसवर आणि पंचावन्नवर, तिन्ही ठिकाणी तो नीट संपतो. कुठे संपवायचं ते आचाऱ्याचा हात ठरवतो.

आता "एवढाच होता काय?" बद्दल. हे वाक्य मी पुष्कळ ऐकलं आहे आणि त्यात तुमचा अपमान नाही. आपल्या भागातल्या मोठ्या माणसानं जादूगार पाहिलेला असतो तो यात्रेतल्या तंबूत: मोठा पडदा, चमचमता कोट, पेटीत बसवून कापलेली बाई, भोंग्यावरचं संगीत. "जादूगार येणार" म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे तेच येतं. आपण मोटारसायकलवर एक पेटी बांधून उतरतो, आणि मुलांच्या हातात मावेल असे खेळ करतो, जे त्या वयाला तंबूतल्या खेळांपेक्षा जास्त भावतात. पण चार हजार देणाऱ्यानं मनात तंबू धरलेला असेल तर आपली पेटी त्याला रिकामीच वाटणार. बोलक्या बाहुलीचंही तसंच. लोकांनी रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव टीव्हीवर पाहिलेला असतो, आणि आपली बाहुली हातभराची असते.

यावर उपाय सोपा आहे. एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, पण तो हॉलमधल्या स्टेजवरचा नको. खेड्यातल्या अंगणातला हवा, ज्यात तुमची पेटी केवढी, तुम्ही कुठे उभे राहता, पोरं किती जवळ बसतात हे सगळं दिसेल. सुपारी पक्की करण्याआधी तो व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि म्हणा, "दादा, माझा कार्यक्रम असा असतो. पेटीत बाई कापणं वगैरे यात नाही." दोन-चार सुपाऱ्या जातील. जाऊ द्या, त्या तशाही शेवटी कुरकुरीच्याच होत्या. त्याखाली चार ओळी लिहा: तारीख, किती मिनिटं, काय काय असेल, किती पैसे आणि त्यात पेट्रोल धरलं की नाही. तुमच्या त्या वाढदिवसाला असं काही लिहिलेलं नसेल, अशी माझी अटकळ आहे.

फुग्यांनी मला जितकं छळलं तितकं दुसऱ्या कशानं नाही. यजमान सांगतो चाळीस मुलं. खेड्यात बोलावलेली चाळीस असतात, येतात दीडशे, कारण आवाज गावभर जातो आणि कुणी कुणाच्या लेकराला फाटकातून परत पाठवत नाही. चाळीस पोरांना फुग्याचे कुत्रे आणि तलवारी वळून द्या; एकेचाळिसावं रडलं की ते शेजारणीचं असतं, आणि सकाळी शेजारीण यजमानाच्या घरी बोलून दाखवते. म्हणून माझा नियम झाला आहे, सगळ्यांना किंवा कुणालाच नाही. फुगे हवेच असतील तर कार्यक्रमातच दोन-तीन मोठे बनवतो आणि ते घरातल्या आजीच्या हाती देतो. कुणाला द्यायचे ते आजीला बरोबर कळतं. मुलांसाठी यजमानाला आधीच गोळ्या-बिस्किटांची पिशवी आणायला सांगतो, आणि वाटायला यजमानालाच उभं करतो. मी वाटल्या तर मी चांगला ठरतो. त्यानं वाटल्या तर दीडशे पोरं "काका, मले! काका, मले!" करत त्याच्याभोवती गोळा होतात. त्या वेळी त्याचा चेहरा पाहा. तो त्या दिवसाचे पैसे कशासाठी देतोय हे तुम्हाला तिथे दिसेल.

फुग्यांचं आणखी एक. मंडपवाल्यानं गॅसचे फुगे टांगले असतील तर विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी त्यात हायड्रोजन भरलेला असतो आणि तो पेट घेतो. त्याखाली केकवरची मेणबत्ती, फुलबाजी किंवा तापलेला हॅलोजन मी चालवून घेत नाही, नम्रपणे फुगे काढायला लावतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, रांगणारी लेकरं ते तोंडात घालतात आणि रबर घशाला चिकटून बसतं. मे महिन्यात लांब फुगे वळतानाच फटाफट फुटतात. बर्फ न घालता थर्माकोलच्या डब्यात सावलीत ठेवले तर बरेच वाचतात.

आगीचे खेळ मी बंद केले. कागद पेटवून त्यातून गुलाब काढायचा माझा आवडता खेळ होता. एकदा पांढरकवड्याकडे एका घरी तो करताना लक्षात आलं की मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं आहे आणि आत छतापर्यंत कापूस भरलेला आहे. भाव वाढेल म्हणून ठेवलेला वर्षभराचा माल. घरधनी माझ्या हाताकडे पाहतही नव्हता, त्या दाराकडे पाहत होता. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडे कितीतरी घरांत हीच परिस्थिती असते. ज्याच्या पोटात भीतीचा गोळा आहे त्याला कार्यक्रम आवडणार कसा?

नोट फाडून पुन्हा जोडायचा खेळही विचार करून करा. मी एका म्हाताऱ्या बाबांकडून पाचशेची नोट मागितली होती. फाडली तेव्हा पोरं किंचाळली, मजा आली. पण ती सबंध करून परत देताना बाबांचा हात थरथरत होता आणि त्यांनी नोट उजेडाकडे धरून नंबर पाहिला. ज्या गावांनी कर्जापायी माणसं गमावली आहेत तिथे पैसा फाटताना पाहणं हे मनोरंजन होत नाही. आता मी हा खेळ पत्त्यानं किंवा माझ्याच रुमालानं करतो. कर्ज, दारू, मुलीचं लग्न, कुणाचा रंग, कुणाचं जाडेपण यावरचे विनोद बाहुलीच्या तोंडूनही नकोत. बाहुलीनं बोललेलं लोक बाहुलीच्या नावावर ठेवत नाहीत.

पोरगं पुढे बोलावतानाही डोळे उघडे ठेवा. वाढदिवसाच्या मुलाला पहिला मान, हे तर आहेच. पुढची तीन-चार कुठल्या घरची आहेत हे आपल्याला कळत नाही, पण गावाला कळतं. भाऊबंदकी असते, वरची आळी-खालची आळी असते. चारही एकाच बाजूची निघाली तर यजमानाला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावं लागतं. मी घरातल्या एखाद्या शाळकरी मुलीला आधीच हाताशी घेतो आणि सांगतो, "ताई, तू निवडायचं. एक मुलगी, एक मुलगा, आणि सगळीकडची." दहा वर्षांच्या पोरी हे मोठ्या माणसांपेक्षा चांगलं सांभाळतात.

शाळेचं गणित निराळं आहे. जिल्हा परिषदेची चार वर्गांची शाळा, दोन शिक्षक. पैसे शिक्षकांनी पदरचे घातलेले असतात किंवा गावातून वर्गणी झालेली असते. मुख्याध्यापकांना सही-तारखेची साधी पावती लागते, ती न मागता द्या. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि सरपंच दोन शब्द बोलणार असतात, त्यांची वेळ धरूनच आपली वेळ मोजा. खिचडीच्या आधी मुलं भुकेली असतात, खिचडीनंतर पेंगतात. परिपाठ संपल्या संपल्या सुरू केलेला कार्यक्रम सगळ्यात चांगला होतो. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्या प्रवेशोत्सवाला, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या स्नेहसंमेलनांना मागणी असते. त्याच्या महिनाभर आधी गुरुजींना भेटून या.

पण शिक्षकांच्या मनातली खरी धास्ती एका बाईंनी मला सांगितली तेव्हा कळली. "सर, तुम्ही जाल हो. मग दिवसभर ही पोरं आम्हाला आवरत नाहीत." मी तोपर्यंत शेवट नेहमी धडाक्यात करायचो, आरडाओरडा, उड्या, टाळ्या. आता शेवटच्या आधीचा खेळ धडाक्याचा असतो आणि शेवटचा शांत. एक पांढरा रुमाल, आवाज नाही, माझं बोलणं नाही. मुलांनी श्वास रोखून पाहायचं. रुमाल मुठीत नाहीसा झाला की मी बोट ओठांवर ठेवतो, आणि पहिलीची रांग उठते, मग दुसरीची. मुलं वर्गात जाऊन बसेपर्यंत बोलत नाहीत. ज्या शाळांनी मला पुन्हा बोलावलं त्यांतल्या निम्म्यांनी तरी या दोन मिनिटांसाठी बोलावलं असेल.

नाणं गिळायचा खेळ मुलांपुढे कधीच करू नका. मी करायचो. एका शाळेतून आठ दिवसांनी गुरुजींचा फोन आला की दुसरीतल्या मुलानं माझं पाहून रुपया तोंडात टाकला आणि तो पोटात गेला. पोर सुखरूप राहिलं, रुपया आपोआप पडून गेला. पण ते दोन दिवस त्या घरानं कसे काढले असतील याचा विचार करून मी तो खेळ त्याच दिवशी सोडला. गळ्यात दोरी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, तोंडात सुई-दोरा, ब्लेड हेही त्याच्याबरोबर गेलं. घरी जाऊन लेकरू जे करून पाहील तेच आपण दाखवायचं.

मेळघाटात, गडचिरोलीत, किंवा यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत गेलात तर पहिली-दुसरीच्या लेकरांच्या घरची भाषा कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी असते. आपली चुरचुरीत बडबड त्यांच्या डोक्यावरून जाते आणि ती गप्प बसतात. आपल्याला वाटतं पोरं थंड आहेत, गुरुजींना वाटतं कार्यक्रम थंड आहे. धारणीकडच्या एका आश्रमशाळेत मी पहिली दहा मिनिटं असा आपटलो. मग बोलणं बंद केलं, नुसते हात आणि चेहरा. शाळा हसायला लागली. आता अशा ठिकाणी अर्धा तास मुका खेळ असतो, आणि "ये", "बस", "शाब्बास" एवढे शब्द तिथल्या गुरुजींकडून त्यांच्या भाषेत शिकून घेतो. आपलं वऱ्हाडीही तसंच वापरा. नागपुरी स्टेजवरची हिंदी शेरोशायरी गावातल्या आजीला परकी वाटते. बाहुली "काहून बे पोट्टेहो" म्हणाली की ती आजी पहिल्यांदा हसते.

मंडळाच्या कार्यक्रमाबद्दल थोडक्यात. तान्हा पोळ्याला पोरं नटूनथटून लाकडी नंदी घेऊन येतात, परीक्षक गुण मांडत बसतात, आणि बक्षीस वाटपापर्यंत गर्दी टिकवायची ही मंडळाची गरज असते. तिथे आपण रबरासारखं ताणता यायला हवं, वीस मिनिटं की तास हे परीक्षकांवर. पावसाची ताडपत्री, बॅटरीवरचा ट्रॉली स्पीकर आणि डोक्याला लावायचा माईक स्वतःचा ठेवा. लाइट गेली तरी कार्यक्रम चालू राहिला की अध्यक्ष तुम्हाला विसरत नाही. आणि रात्री दहाच्या आत आवाज बंद. नंतर पोलीस पाटलाचं बोलणं मंडळाला खावं लागतं.

कबुतर, ससा, पोपट काढता का, असं हटकून विचारतील. आपल्याकडचा देशी पोपट पाळणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि इतर प्राणी-पक्ष्यांचे खेळ करायला नोंदणी लागते. मी सरळ सांगतो, जिवंत प्राणी नाही. कापडी ससा चालतो, पोरांना त्याचं नाव ठेवायला लावलं की तो जिवंतच होतो.

कार्यक्रमानंतर एखादी माय हळूच येते, "दादा, लेकराची नजर उतरवून द्या." कुणी गाय आटली म्हणून विचारतं. तिथे मऊपणानं पण ठाम नाही म्हणा. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे एक. दुसरं म्हणजे त्या मायेला दवाखान्यात जायला हवं असतं, आणि आपल्या दोन शब्दांनी तिचा दिवस वाया जाऊ शकतो. मी प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगतो, "हे हाताचं कसब आहे, मंत्र नाही. तुम्हीही शिकाल." शेवटी एक दोरीचा सोपा खेळ शिकवतोही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या मुलखात गुरुजींना हे फार आवडतं, आणि घरी पोरं आठ दिवस तीच गाठ मारत बसतात, म्हणजे यजमानाचा वाढदिवस आठ दिवस चालतो.

पैशांचं बोलू. इसार घ्या, निम्मा नाही तरी पाव. फोनपेवर आला म्हणजे नोंद राहते. उरलेले कोणाकडून घ्यायचे हे आधी विचारा. त्या दिवशी यजमानाच्या खिशात बहुतेक पैसे नसतात, पाकीट लहान भावाकडे किंवा मुलाच्या मामाकडे असतं. पाहुण्यांदेखत यजमानाकडे पैसे मागितले की तो खजील होतो, आणि त्या रागात आकडा कमी होतो. घासाघीस झाली तर दर उतरवू नका, वेळ उतरवा: "तीन हजारांत पंचवीस मिनिटं करतो, बाहुलीशिवाय." पीक गेलेलं असेल, घर ओढीचं असेल आणि मन झालं तर पूर्ण कार्यक्रम कमी पैशांत करा, पण तो तुमच्या मर्जीनं, आणि चारचौघांत बोलून दाखवू नका.

आणि कार्यक्रम संपला की लगेच पेटी उचलून पळू नका. जेवायला थांबा. आपल्याकडे पानावर न बसता गेलेला माणूस रागावून गेला असंच धरतात. पंगतीत म्हाताऱ्या माणसांशेजारी बसा, तिथेच पुढची सुपारी असते. रात्री घरी पोचल्यावर एक फोटो पाठवा. तुमचा नको. मुलगा हसतोय आणि मागे आजोबा त्याच्याकडे पाहताहेत, असा. तो घरच्या ग्रुपवर फिरतो, व्याह्यांकडे जातो.

तुमच्या त्या यजमानांना आता फोन करा. दीड हजारांचा विषय काढू नका, तो गेला असं समजा. एवढंच म्हणा, "दादा, त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं ते मला समजलं नाही. काय पाहायचं राहून गेलं, ते सांगता का?" पहिल्यांदा "नाही, नाही, चांगलं झालं" म्हणतील. मग गप्प राहा, ते बोलतील. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, मुलाच्या वाढदिवसाच्या तारखेसकट. फोन दुपारी करू नका, माणूस वावरात असतो. संध्याकाळी, बैल बांधून झाले आणि जेवण व्हायचं आहे, अशा वेळी करा.